हादरा पडद्यावर कसा दाखवावा?

१. प्रश्न कोठून उद्भवतो

मोबाईलने काढलेल्या चित्रणात भूकंपाचा हादरा कसा दाखवावा, असा प्रश्न डहाणूच्या किंवा तलासरीच्या एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने विचारला, तर तो निव्वळ हौसेचा प्रश्न समजून बाजूस सारता येणार नाही. कारण नोव्हेंबर २०१८ पासून या दोन तालुक्यांतील धुंदलवाडी, हळदपाडा आणि आसपासच्या गावपाड्यांखालची जमीन पुनःपुन्हा कंप पावत राहिली, १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला, त्या दिवशी भयाने घराबाहेर धावताना एक दोन वर्षांची मुलगी पडून दगावली, आणि ऐन थंडीत कुटुंबेच्या कुटुंबे रात्री तंबूंत किंवा उघड्या अंगणात अंथरुणे टाकून राहिली. ज्यांनी त्या रात्री बालवयात काढल्या ती मुले आता कॉलेजात जाण्याच्या वयाची झाली आहेत, आणि त्यांच्या हाती कॅमेऱ्याचा फोन आहे. लघुपटासाठी त्यांना विषय हुडकीत फिरावे लागत नाही.

अडचण येते ती संकलनाच्या वेळी. संकलनाच्या कोणत्याही ॲपमध्ये ‘शेक’ नावाचा तयार इफेक्ट असतो. त्यावर बोट ठेवताच सारे चित्र गदगदा हलू लागते, आणि ज्याने खरा हादरा अनुभवला आहे तो प्रेक्षक पहिल्या क्षणीच म्हणतो, ‘असे नव्हते ते.’ त्याचे म्हणणे अचूक असते. ते का अचूक असते आणि त्याचे समाधान कसे करावे, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे. आणि त्याचा उलगडा करीत असता संकलनातील बहुतेक मुख्य इफेक्टांची ओळख आपोआप होईल.

२. चौकटींचा हिशेब

चलच्चित्र म्हणून आपण जे पाहतो ते वस्तुतः स्थिर चित्रांची मालिका असते, हे बहुतेकांना ठाऊक असते; पण त्या मालिकेचा हिशेब मांडल्याशिवाय कोणताही प्रयोग सिद्धीस जात नाही. एका स्थिर चित्राला फ्रेम म्हणतात. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमांनी धावतो, आपल्याकडील दूरचित्रवाणी २५ फ्रेमांनी, आणि बहुतेक फोन, आपण काही सांगितले नाही तर, ३० फ्रेमांनी चित्रण करतात. यांपैकी एक आकडा चित्रणाच्या पहिल्या दिवशी ठरवून तो अखेरपर्यंत पाळावा. तीस फ्रेमांचे चित्रण पंचवीस फ्रेमांच्या टाइमलाइनवर, म्हणजे संकलनात चित्र व ध्वनी ओळीने मांडण्याच्या पट्टीवर, टाकले की दर सहा फ्रेमांतील एक गळते आणि चालणारा माणूस मधूनच ठेचकाळल्यासारखा दिसतो.

या प्रकरणात आपण २५ हा आकडा धरू. त्याला एक व्यावहारिक कारण आहे. आपल्या देशातील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे जुन्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक होत असतो. शटर सेकंदाच्या एक-पन्नासांश ठेवले तर प्रत्येक फ्रेमला या चढउताराचा सारखाच वाटा मिळतो, आणि चित्रावर सरकणारे काळे पट्टे उमटत नाहीत. २५ फ्रेमांशी हे शटर उत्तम जुळते, कारण प्रत्येक फ्रेमच्या निम्मा काळ शटर उघडे राहते आणि हलत्या वस्तूच्या कडा डोळ्याला सवयीच्या असतात तितक्याच पुसट होतात.

३. अख्खी चौकट हलवणे

आता ‘शेक’कडे वळू. हा इफेक्ट वस्तू हलवीत नाही. तो फक्त पूर्ण फ्रेम डावीउजवीकडे, वरखाली सरकवतो. फ्रेम सरकली की ज्या बाजूने ती सरकली तेथे काळी पट्टी उघडी पडणार, म्हणून चित्र आधी थोडे मोठे करून ठेवावे लागते. खाटेवरची चादर चारी बाजूंनी वीतभर मोठी असेल तर कितीही ओढली तरी खाटेचे लाकूड दिसत नाही, तसेच हे आहे. हिशेब सोपा आहे. चित्र १९२० बिंदू रुंद आणि १०८० बिंदू उंच असेल आणि ते ११० टक्के मोठे केले, तर ते २११२ बाय ११८८ होते. म्हणजे डावीउजवीकडे प्रत्येकी ९६ आणि वरखाली प्रत्येकी ५४ बिंदूंची सूट हाती राहते. हादऱ्याला यातील २० बिंदूदेखील पुष्कळ होतात.

तयार इफेक्ट खोटा वाटतो त्याचे पहिले कारण असे की त्यातील हालचाल आरंभापासून अंतापर्यंत एकाच जोराची असते. खरा धक्का एकदम वर चढतो आणि मग ओसरत जातो. म्हणून तयार इफेक्ट टाकून देऊन की-फ्रेम वापराव्यात. की-फ्रेम म्हणजे ‘या फ्रेमला चित्र या ठिकाणी असावे’ अशी टाइमलाइनवर करून ठेवलेली नोंद. दोन नोंदींच्या मधल्या जागा संगणक स्वतः भरतो. पहिल्या अर्ध्या सेकंदात २० बिंदूंपर्यंतची सरक, पुढच्या अर्ध्यात १२, मग ६, मग २, आणि दोन सेकंदांनंतर चित्र निश्चल, अशी उतरती मांडणी करावी. दिशा मात्र नियमित ठेवू नये. डावी-उजवी-डावी-उजवी अशी शिस्तीने सरकणारी चौकट पिठाच्या गिरणीसारखी वाटते. काही नोंदींत अर्ध्या अंशाचे तिरकेपण मिसळले की यंत्रवतपणा बराच कमी होतो.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे आणि ते संगणकात दुरुस्त होत नाही. चौकट हलते तेव्हा प्रेक्षकाच्या मनात, नकळत का होईना, असा प्रश्न उभा राहतो की हे दृश्य पाहतो आहे तो कोण? खोलीत जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेतून चित्रण घेतले असेल तर त्याची जमीन हलली, म्हणून त्याची नजर हलली, हे सुसंगत ठरते. परंतु ड्रोनने आकाशातून घेतलेले पाड्याचे दृश्य भूकंपाच्या नावाखाली हलवले, तर ते सपशेल खोटे ठरते. जमीन हलली म्हणून आकाशातला कॅमेरा हलण्याचे कारण नाही. विद्यार्थ्यांच्या लघुपटांत हा दोष फार आढळतो, आणि तो दिसायला मोहक असल्यामुळे अधिकच घातक असतो.

४. चौकट स्थिर, वस्तू हलती

माझ्या मते हादऱ्याचे सर्वांत परिणामकारक चित्रण ते, ज्यात कॅमेरा निश्चल असतो आणि घरातली एकेक वस्तू हलू लागते. ज्या वस्तूंवर आपला विश्वास असतो त्या हलल्या की भय खरे होते.

पण कोणती वस्तू? येथे बहुतेक जण छतावरून लोंबणारा दिवा हलवतात, कारण चित्रपटांत आपण तेच पाहिलेले असते. भौतिकशास्त्र काय सांगते ते पाहावे. एक मीटर लांबीच्या तारेला टांगलेला दिवा एक पूर्ण झोका घेण्यास सुमारे दोन सेकंद लावतो. असा दिवा संथ लाटांना प्रतिसाद देतो, आणि संथ लाटा मुख्यतः दूरवर झालेल्या मोठ्या भूकंपाच्या असतात. पायाखालीच होणाऱ्या लहान, उथळ धक्क्याची थरथर सेकंदाला कित्येक आवर्तनांची असते. तीत लांब दिवा फारसा झुलत नाही, मात्र मांडणीवरची स्टीलची भांडी एकमेकांवर वाजतात, छपराचे पत्रे तडतडतात, काचेचा पेला सरकतो, आणि मडक्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळे उठतात. तेव्हा तलासरीच्या हादऱ्याच्या चित्रणात झुलता दिवा दाखवणे म्हणजे दुसऱ्याच कोणत्या तरी देशाचा भूकंप उसना आणणे होय.

मडक्यातल्या पाण्याचे दृश्य घरच्या घरी घेता येते. रुंद तोंडाचे मडके किंवा पाण्याने भरलेली परात एका लाकडी फळीवर ठेवावी, फळीची दोन्ही टोके विटांवर टेकवावीत, आणि खालून फळीला मुठीने भराभर ठोके द्यावेत. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड त्या फळीला किंवा तिच्या आधाराला कोठेही चिकटू देऊ नये. फोनमध्ये सेकंदाला १०० फ्रेमांची किंवा तत्सम सोय असेल तर ती वापरावी. १०० फ्रेमांनी टिपलेला एक सेकंद २५ फ्रेमांच्या टाइमलाइनवर चार सेकंद चालतो, आणि उघड्या डोळ्यांना न दिसणारी पाण्याची शहार त्यात स्पष्ट दिसते. हीच मंदगती, म्हणजे स्लो मोशन. ती चित्रण करतानाच कमवावी लागते; २५ फ्रेमांनी टिपलेले चित्र मागाहून ताणले तर संगणकाला नसलेल्या फ्रेमा कल्पनेने भराव्या लागतात, आणि पाण्यासारख्या चंचल पदार्थाच्या बाबतीत ती कल्पना हमखास चुकते.

भिंतीवरून झरणारी माती दाखवायची असेल तर तिला संगणकाची गरजच नाही. कारवीच्या कुडाला लिंपलेली माती सुकून बारीक झालेली असतेच; ती मूठभर घेऊन चौकटीच्या वरच्या कडेबाहेर धरलेल्या चाळणीतून सोडावी, आणि मागून तिरका प्रकाश पडेल अशी तजवीज करावी. राहत्या घराच्या कौलांना किंवा वाशांना मात्र हात लावू नये. ज्या घरांना आधीच तडे गेले आहेत तेथे तर चित्रणही करू नये.

प्रत्यक्ष न हलवता येणारी वस्तू संकलनात हलवता येते, आणि येथे ‘मास्क’ ही संकल्पना समजून घ्यावी लागते. एकच शॉट टाइमलाइनवर दोन थरांत, एकावर एक ठेवावा. वरच्या थरात भांड्यांच्या मांडणीभोवती रेषा आखून तेवढाच भाग शिल्लक ठेवावा, बाकीचा लपवावा. ही आखलेली रेषा म्हणजे मास्क. आता फक्त वरचा थर तीन-चार बिंदूंनी हलवला की खोली स्थिर राहते आणि मांडणी तेवढी थरथरते. रेषा मांडणीच्या लाकडी कडेवरूनच फिरवावी आणि कड किंचित मऊ ठेवावी. सपाट भिंतीच्या मधोमध नेलेला सांधा दुसऱ्याच क्षणी उघडा पडतो. ‘डाविंची रिझॉल्व्ह’ या संगणकावरील प्रणालीच्या फुकट आवृत्तीतही हे सारे करता येते.

५. आवाज आधी, धक्का मागून

भूकंपाच्या केंद्रापासून दोन मुख्य प्रकारच्या लाटा निघतात. पहिली दाबाची लाट असते; ती खडकातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने धावते आणि पृष्ठभागावर पोचली की तिचा काही अंश हवेत शिरून गडगडाटासारखा ऐकू येतो. दुसरी, आडवी हलवणारी लाट सुमारे ३.५ किलोमीटर वेगाने मागून येते, आणि खरा धक्का तीच देते. केंद्र १० किलोमीटरवर आहे असे समजू. पहिली लाट १.७ सेकंदांत पोचेल, दुसरी २.९ सेकंदांत; दोहोंत अंतर १.२ सेकंदांचे, म्हणजे आपल्या टाइमलाइनवर ३० फ्रेमांचे.

या ३० फ्रेमा दिग्दर्शकाला मिळालेले अमोल दान आहे. त्यांत आवाज आला आहे, पण अजून काही हललेले नाही. आई भाकरी थापता थापता थांबली आहे, कुत्र्याने मान वर केली आहे. या अवधीत पात्राचा चेहरा दाखवावा. प्रभातच्या ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) व्ही. शांताराम यांनी चंद्रमोहन यांचा एकच डोळा पडद्यावर प्रचंड करून दाखवला, आणि त्या डोळ्याने जे साधले ते कोणत्याही हलत्या चौकटीला साधले नसते. संकलनाच्या दृष्टीने कृती अगदी सोपी आहे: ध्वनीची पट्टी चित्राच्या कटाआधी ३० फ्रेमा ओढून ठेवायची. आवाज पुढे आणि चित्र मागे अशा या जोडणीला संकलक जे-कट म्हणतात, कारण टाइमलाइनवर तिचा आकार त्या इंग्रजी अक्षरासारखा दिसतो.

६. रात्र आखूड करणे

तंबूत काढलेली रात्र कशी दाखवावी? येथे काळ आवळण्याचा इफेक्ट, म्हणजे टाइम-लॅप्स, उपयोगी पडतो, आणि त्याचा महाराष्ट्रातील इतिहास आपल्या चित्रपटसृष्टीच्या जन्माइतकाच जुना आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित झाला, त्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरून, त्याच्या वाढीची चित्रे ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेत ‘अंकुराची वाढ’ हा लहानसा चित्रपट तयार केला, आणि चित्रपटासाठी भांडवल मिळवण्याच्या खटाटोपात तो लोकांना दाखवला. बीजातून वेल क्षणार्धात वर येताना पाहिल्यावर या नव्या माध्यमाचे सामर्थ्य पटवण्यास वेगळ्या व्याख्यानाची आवश्यकता उरली नसणार. आपल्या देशातील चित्रपटकर्त्याने इफेक्टाचा प्रयोग आधी केला आणि कथापट नंतर, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

हिशेब असा. रात्री ९ ते पहाटे ५ हे ८ तास, म्हणजे २८,८०० सेकंद. पडद्यावर ही रात्र १२ सेकंदांत संपवायची आहे. १२ गुणिले २५ म्हणजे ३०० फ्रेमा हव्यात. २८,८०० भागिले ३००, उत्तर ९६. दर ९६ सेकंदांनी एक छायाचित्र. फोन भक्कम आधारावर बांधावा, चार्जरला जोडावा, आणि फोकस व प्रकाशाचे प्रमाण ही दोन्ही कुलूपबंद करावीत. ती फोनच्या मर्जीवर सोडली तर वाटेने गेलेल्या प्रत्येक मोटारसायकलच्या दिव्यासरशी रात्र लुकलुकते. पहाटेच्या उजेडात शेवटच्या फ्रेमा भडक होऊन जातील, म्हणून चित्रण झुंजुमुंजू होण्याच्या आत थांबवावे. हिवाळ्यात पहाटे पाचला डहाणूकडे गडद काळोख असतो, उन्हाळ्यात तितका नसतो, हेही लक्षात घ्यावे.

असा शॉट एकच असावा.

७. भिंतीवरची माणसे

आता सर्वांत आनंददायक प्रयोग. वारली चित्रकला ही याच मातीतली. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली पांढरी माणसे आज जगभर ओळखली जातात, आणि १९७० नंतरच्या काळात ज्यांनी ही कला भिंतीवरून कागदाकापडावर आणली ते पद्मश्री जिव्या सोमा म्हसे डहाणू तालुक्यातील गंजाडचे. भिंतीवरचे तारपानृत्य चालू आहे आणि हादरा बसताच ती रेखामानवांची माळ विस्कटते, असे दृश्य कोणाच्याही मनात येईल. ते करता येते.

पांढरे चित्र आणि गडद पार्श्वभूमी असेल तेव्हा ‘स्क्रीन’ नावाची मिश्रणपद्धती वापरतात. काळ्याला ० आणि शुभ्राला १ मानावे. वरच्या थराचा आकडा १ मधून वजा करावा, खालच्या थराचाही करावा, दोन्ही बाक्यांचा गुणाकार करावा, आणि तो पुन्हा १ मधून वजा करावा. खाली संध्याकाळचे आकाश ०.५ आहे असे समजू. वर पिठाची रेषा ०.९ असेल, तर बाक्या ०.१ आणि ०.५, गुणाकार ०.०५, उत्तर ०.९५, रेषा शुभ्र राहिली. वर काळा ० असेल, तर १ गुणिले ०.५, उत्तर ०.५, आकाश जसेच्या तसे. पण वर गेरू असेल आणि त्याचा आकडा ०.२ धरला, तर ०.८ गुणिले ०.५ म्हणजे ०.४, उत्तर ०.६, आकाशावर तांबूस धुरकटपणा चढला. म्हणून आकाशात किंवा डहाणूच्या किनाऱ्यावर ही माणसे नाचवायची असतील तर चित्र काळ्या कागदावर पांढऱ्या रंगाने काढावे. गेरूची भिंतच हवी असेल तर मिश्रणाची गरज नाही. भिंतीवरच एकेक चित्र काढून, पुसून, पुन्हा काढून टिपावे.

येथे दुसरा हिशेब येतो. प्रत्येक रेखाटन दोन फ्रेमा धरून ठेवले तर डोळ्याला चालते. ४ सेकंदांच्या १०० फ्रेमांसाठी ५० रेखाटने लागतील. बंद वर्तुळात सम अंतरावर २० नर्तक असतील तर श्रम पुष्कळ वाचतात: ३६० भागिले २०, दोन नर्तकांत १८ अंशांचे अंतर, प्रत्येक रेखाटनात वर्तुळ १.८ अंशांनी पुढे सरकवले की दहाव्या पावली प्रत्येक नर्तक पुढच्याच्या जागी येतो आणि तीच दहा रेखाटने अखंड फिरवता येतात. मात्र चित्रांतील तारपानृत्याची माळ पुष्कळदा बंद वर्तुळ नसते. तारपकऱ्याभोवती उलगडत जाणारी ती मळसूत्री रेघ असते, तिला एक अग्र आणि एक शेवट असतो. ती रेघ दहा रेखाटनांत बसत नाही. मी तरी तिच्यासाठी पन्नास रेखाटने काढावीत असेच सुचवीन, कारण श्रम वाचवण्यासाठी आपल्याच नाचाचा आकार बदलणे मनाला रुचत नाही.

लग्नाच्या वेळी सवासिनी जो चौक लिहितात, ज्यात पालघट देवी असते, तो अशा प्रयोगांत वापरू नये. ते पूजाविधीतले लेखन आहे. वापरण्याचा आग्रहच असेल तर आधी पाड्यातील वडीलधाऱ्यांना विचारावे आणि ते नाही म्हणाल्यास तो विषय तेथेच सोडावा.

८. हिरवा पडदा आणि उरलेसुरले

क्रोमा की, म्हणजे एका रंगाची पार्श्वभूमी काढून तेथे दुसरे चित्र बसवणे, या युक्तीसाठी हिरवे कापड वापरतात. कॅमेऱ्याच्या संवेदकावर हिरव्या प्रकाशाचे बिंदू तांबड्या किंवा निळ्यापेक्षा दुप्पट असतात, म्हणून हिरव्याची कड स्वच्छ कापली जाते. पावसाळ्यात भाताच्या शेतात उभे राहून हा प्रयोग करणाऱ्याने निळे कापड घ्यावे, नाहीतर कापडाबरोबर शेतही जाईल. डिझॉल्व्ह, म्हणजे एक दृश्य विरत असता दुसरे उमटणे, काळ गेला हे सांगण्यासाठी; काळा पडदा एक प्रसंग संपला हे सांगण्यासाठी; याहून त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे फार नाही. पान उलटणे, तारे उडणे, चित्राचे तुकडे होणे हे इफेक्ट या विषयात वर्ज्य समजावेत.

९. शेवटची तपासणी

लघुपट पूर्ण झाला की तो ज्या साधनावर पाहिला जाणार त्याच साधनावर तपासावा. मोठ्या पडद्यावर २० बिंदूंची सरक हातभर वाटते आणि काहींना घेरी येते. फोनवर तीच सरक जेमतेम जाणवते. म्हणून सभागृहासाठी आणि फोनसाठी हादऱ्याचे जोर वेगळे ठेवून दोन प्रती काढणे हिताचे. आवाजाचे याहून अवघड आहे. गडगडाटाचा खरा स्वर सेकंदाला तीस-चाळीस आवर्तनांचा, अतिशय खालचा असतो. फोनच्या इवल्या स्पीकरमधून तो मुळीच बाहेर पडत नाही, आणि हेडफोन लावून मन लावून मिसळलेला ध्वनी पाड्यावरच्या प्रेक्षकाला नुसती शांतता म्हणून ऐकू येतो. उपाय असा की त्या खालच्या स्वरावर पत्र्याच्या तडतडीचा आणि भांड्यांच्या किणकिणीचा वरचा थर चढवावा. हे आवाज जेथे चित्रण केले त्याच घरांत ध्वनिमुद्रित करावेत. आणि पहिला खेळ धुंदलवाडीसारख्या गावी लावायचा असेल तर दारे उघडी ठेवून, लहान मुलांना मोठ्यांजवळ बसवून, आता पडद्यावर धक्क्याचा आवाज येणार आहे असे आधी मोठ्याने सांगून मगच तो सुरू करावा.